अव्यक्त संख्येची तपासणी : संगणकभाषांतील प्रकार-सुरक्षा आणि सामान्यीकृत स्थिरांक

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या पश्चिम किनाऱ्यावरील मढ येथील कोळ्यांचे डोल हे पिढीजात जाळे होय. भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेल्या खुंटांना बांधून लावावयाचे हे जाळे तोंडाशी रुंद व शेवटाकडे निमुळते असते, आणि त्याचे आस तोंडापासून शेवटापर्यंत उत्तरोत्तर लहान होत जातात. असे जाळे एकसंध विणले जात नाही. ते तुकड्यातुकड्यांनी सिद्ध होते. दोन तुकडे जोडताना एका कडेवरील आसांचा हिशेब दुसऱ्या कडेवरील आसांशी जुळवून घ्यावा लागतो. हा हिशेब ज्या नियमाने चालतो तो नियम शंभर आसांकरिता एक आणि दोनशे आसांकरिता दुसरा, असा नसतो. ‘या कडेला जितके, त्या कडेला तितके’ एवढाच तो नियम. संख्या कोणती हे त्यात सांगितलेले नाही. दोन्हीकडे ती एकच आहे, एवढेच सांगितले आहे.

‘जितके–तितके’ याचेच संस्कृत रूप ‘यावत्तावत्’. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीच्या (इ. स. ११५०) बीजगणित या भागात पहिल्या अव्यक्त राशीस हीच परंपरागत संज्ञा योजिली आहे, अव्यक्ते अनेक असल्यास पुढे कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे येतात. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. अव्यक्ताची किंमत काढण्यापूर्वी अव्यक्तासहच बेरीज-वजाबाकी करावी लागते, हा बीजगणिताचा पहिला धडा होय. संगणकभाषांच्या इतिहासात हाच धडा भाषांतर करणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे कंपायलरला, शिकविण्यास अर्धशतक लागले. त्या अर्धशतकाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्न असा. आज्ञावलीतील प्रत्येक चलाला एक प्रकार असतो : पूर्णांक, अक्षर, सत्यासत्य इत्यादी. पूर्णांकाच्या जागी अक्षर आले तर कंपायलर आज्ञावली चालण्यापूर्वीच ती नाकारतो. या व्यवस्थेस प्रकार-सुरक्षा म्हणतात. आता अनेक समान घटकांची रांग, म्हणजे अ‍ॅरे, घ्यावी. दहा पूर्णांकांचा अ‍ॅरे व वीस पूर्णांकांचा अ‍ॅरे हे एकाच प्रकारचे की भिन्न प्रकारांचे? भिन्न मानले तर अकराव्या घटकाला हात घालण्याची चूक कंपायलरला पकडता येते. परंतु दहांची बेरीज करणारी उपआज्ञावली वीसांना निरुपयोगी ठरते. एकाच प्रकारचे मानले तर उपआज्ञावली सर्वांना चालते. परंतु मर्यादा कोणी राखावयाची हा प्रश्न उरतो. तिसरा मार्ग मढच्या जाळ्याचा : संख्या प्रकारातच ठेवावी, पण ती ‘न’ या अक्षराने, अव्यक्त रूपात ठेवावी, आणि नियम सर्व ‘न’ करिता एकदाच तपासावा. या ‘न’ लाच सामान्यीकृत स्थिरांक म्हणावयाचे. उपआज्ञावलीच्या दृष्टीने तो स्थिर आहे, तिच्या कार्यात तो बदलत नाही; पण लिहिणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न अगदी आरंभी उद्भवलाच नाही, कारण प्रकारच नव्हते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली बांधलेले आणि १९६० साली पूर्ण क्षमतेने सुरू झालेले टीफ्रॅक हे यंत्र स्वतःच्या यांत्रिक भाषेतच आज्ञा घेई. त्याच्या स्मृतीतील प्रत्येक शब्द हा केवळ अंकांचा समूह. तो संख्या आहे की आज्ञा, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात असे, यंत्राच्या नव्हे. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे यंत्र आले व फोर्ट्रान भाषेचा वापर देशभरच्या संशोधकांत पसरला. फोर्ट्रानमध्ये उपआज्ञावलीला अ‍ॅरेबरोबर त्याचा आकारही वेगळे प्राचल म्हणून देता येई. तथापि दिलेला आकार खरा आहे की नाही हे कोणी पाहत नसे. उपआज्ञावली आणि तिला पाचारण करणारी आज्ञावली यांचे भाषांतर स्वतंत्रपणे होई, आणि एकीचा ‘न’ दुसरीच्या ‘न’ शी ताडून पाहण्याची सोयच नव्हती. अल्गोल ६० या भाषेने अधिक प्रामाणिक मार्ग पत्करला : अ‍ॅरेच्या सीमा त्याच्यासोबत स्मृतीत वागवाव्या व प्रत्यक्ष कार्य चालू असता तपासाव्या. चूक सापडे, पण भाषांतरकाळी नव्हे, कार्यकाळी. आणि प्रत्येक तपासणीस वेळ लागे.

या पार्श्वभूमीवर झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील निक्लाउस विर्थ यांनी १९७० च्या सुमारास पास्कल भाषा सिद्ध केली. पास्कलमध्ये अ‍ॅरेची खालची व वरची सीमा ही त्याच्या प्रकाराचाच भाग आहे. १ ते १० अनुक्रमांकांचा अ‍ॅरे आणि १ ते २० अनुक्रमांकांचा अ‍ॅरे हे दोन निराळे प्रकार, जसे पूर्णांक व अक्षर निराळे. विर्थ यांचा हेतू स्पष्ट होता. सीमा भाषांतरकाळीच ठाऊक असल्या की प्रत्येक चलाला किती जागा लागेल हे आधीच ठरते, स्मृतीची आखणी सोपी होते, आणि कंपायलर लहान व वेगवान राहतो. पास्कलवर पुढे जी टीका झाली तीत या हेतूची पुरेशी दखल घेतली गेली नाही, असे म्हणावे लागते.

पास्कलचा जगभर प्रसार झाला तो प्रामुख्याने पास्कल-पी या संचामुळे. या संचातील कंपायलर कोणत्याही विशिष्ट यंत्राची भाषा उत्पन्न करीत नसे. तो एका काल्पनिक यंत्राची, ‘पी-कोड’ म्हणून ओळखली जाणारी भाषा उत्पन्न करी. ज्याला आपल्या यंत्रावर पास्कल हवी त्याने त्या काल्पनिक यंत्राची नक्कल करणारी छोटी आज्ञावली तेवढी लिहावयाची. या कंपायलरविषयीच्या टिपणांचा अहवाल झुरिकहून डिसेंबर १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला व १९७६ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. त्याच्या पाच लेखकांत पहिले नाव के. व्ही. नोरी यांचे आहे; उरलेले चौघे अम्मान, येन्सन, नेगेली व याकोबी. नोरी हे पुढे पुण्याच्या टाटा संशोधन विकास व आरेखन केंद्रात, म्हणजे १९८१ साली स्थापन झालेल्या टीआरडीडीसीत, अनेक वर्षे कार्यरत होते. पास्कलच्या प्रसाराचे श्रेय देताना झुरिक व कॅलिफोर्निया यांची नावे घेतली जातात. पुण्याचे नाव क्वचितच घेतले जाते.

पी-कोडमध्ये ‘सीएचके’ नावाची एक आज्ञा होती. अ‍ॅरेचा घटक काढण्यापूर्वी अनुक्रमांक दोन सीमांच्या आत आहे की नाही हे ती पाही, व नसेल तर कार्य थांबवी. लक्षात घेण्याची गोष्ट ही की त्या दोन सीमा कंपायलरला प्रकारातूनच मिळत. तेथे अव्यक्त असे काही नव्हते. प्रत्येक स्थिरांक व्यक्त, अंकांत लिहिलेला. कंपायलरचे काम म्हणजे दोन अंक आज्ञेपाशी पोचविणे एवढेच.

पण व्यक्त अंकांची किंमत कोठे मोजावी लागली हे पाहावयाचे तर दुसरीकडे जाण्याचे कारण नाही. पास्कल-पीचा कंपायलर स्वतः पास्कलमध्येच लिहिलेला आहे. त्यात भाषेतील नावे ठेवण्यासाठी आठ अक्षरांच्या अ‍ॅरेचा एक प्रकार योजिला आहे. पास्कलमध्ये अवतरणांत लिहिलेला दोन अक्षरांचा शब्द हा दोन अक्षरांचा अ‍ॅरे असतो, व तो आठ अक्षरांच्या अ‍ॅरेत ठेवता येत नाही, कारण प्रकार भिन्न. म्हणून ‘इफ’ हा दोन अक्षरांचा शब्द लिहून पुढे सहा रिकाम्या जागा मोजून सोडाव्या लागल्या, ‘बिगिन’ या पाच अक्षरांच्या शब्दापुढे तीन. कंपायलरच्या रचनाकारांनी स्वतःच्याच नियमाचा दंड स्वतःच्याच मजकुरात, ओळीमागून ओळ, भरलेला तेथे दिसतो.

१९८१ साली ब्रायन कर्निहॅन यांनी पास्कल आपणास का रुचत नाही याविषयी एक टिपण लिहिले. त्यातील सर्वांत वजनदार आक्षेप हाच होता की अ‍ॅरेचा आकार प्रकाराचा भाग असल्यामुळे सर्वसाधारण उपयोगाची उपआज्ञावली या भाषेत लिहिताच येत नाही. आक्षेप रास्त होता. आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेने १९८३ च्या आयएसओ ७१८५ या मानकात यावर तोड काढली : उपआज्ञावलीच्या प्राचलात सीमांच्या जागी अंक न लिहिता नावे लिहावी, आणि पाचारणाच्या वेळी प्रत्यक्ष अ‍ॅरेच्या सीमा त्या नावांना मिळाव्या. या सोयीस मानकाच्या दुसऱ्या पातळीत स्थान मिळाले. पहिल्या पातळीच्या कंपायलरवर ती बंधनकारक नव्हती, आणि त्याच वर्षीच्या अमेरिकी मानकाने ती वगळलीच. अव्यक्त संख्या प्रथमच पास्कलच्या दारात आली, पण तिला उंबरठ्यावरच बसविले गेले.

याआधीच १९७७ साली वेल्श, स्नीरिंगर व होअर यांनी पास्कलमधील संदिग्धतेवर एक निबंध लिहून याहून मूलभूत प्रश्न उपस्थित केला होता : दोन प्रकार समान केव्हा मानावयाचे? नाव एक असेल तर, की रचना एक असेल तर? पास्कलच्या मूळ अहवालात याचे निःसंदिग्ध उत्तर नव्हते. अंक व्यक्त असेतोवर ही संदिग्धता निभावून गेली. प्रकारात ‘न’ शिरताच ती निभावणार नव्हती. कारण मग ‘न + १ आकाराचा अ‍ॅरे’ व ‘१ + न आकाराचा अ‍ॅरे’ समान आहेत काय, हेही कंपायलरला सांगावे लागते.

सी भाषेने हा प्रश्न सोडविला नाही, टाळला. सीमध्ये अ‍ॅरे उपआज्ञावलीला दिला की त्याचा आकार गळून पडतो व पहिल्या घटकाचा पत्ता तेवढा उरतो. संख्या प्रकारात नाही, अ‍ॅरेसोबतही नाही. ती लिहिणाऱ्याच्या भरवशावर. २ नोव्हेंबर १९८८ रोजी तत्कालीन इंटरनेटवर जो स्वयंप्रसारी ‘कृमी’ सोडला गेला त्याने या भरवशाचा एक पुरावा दिला. ‘फिंगर’ या सेवेत येणारी ओळ साठविण्यास ५१२ बाइट्सची जागा होती, आणि ओळ वाचणाऱ्या उपआज्ञावलीला जागा किती हे सांगण्याची तजवीजच नव्हती. कृमीने ५३६ बाइट्स पाठविले. जास्तीचे बाइट्स पुढील स्मृतीवर लिहिले गेले, आणि यंत्राचा ताबा त्या बाइट्सकडे गेला. ५१२ हा आकडा प्रकारात असता व तो उपआज्ञावलीपर्यंत पोचला असता, तर हा मार्ग तेथेच बंद झाला असता. प्रकार-सुरक्षा ही केवळ शास्त्रीय नीटनेटकेपणाची बाब नव्हे, हे त्या दिवसानंतर वेगळे सांगण्याची आवश्यकता उरली नाही.

अव्यक्त संख्येला भाषेत विधिपूर्वक स्थान देण्याचा मान एडा भाषेकडे जातो. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी झां इश्बिया यांच्या गटाने रचलेली ही भाषा १९८३ मध्ये मानक झाली. एडामध्ये उपआज्ञावली अथवा आज्ञासंच ‘जेनेरिक’ म्हणून, म्हणजे साच्याच्या रूपात, लिहिता येतो. साच्याला प्रकार प्राचल म्हणून देता येतो, त्याचप्रमाणे एखादी किंमतही देता येते. साच्याच्या आत ती किंमत स्थिरांक मानली जाते. या लेखात ज्याला सामान्यीकृत स्थिरांक म्हटले आहे तो येथे स्वतःच्या नावाने वावरतो.

एडाच्या रचनाकारांनी त्याभोवती जे नियम घातले ते बारकाईने पाहण्याजोगे आहेत. पहिला नियम कराराचा. साच्याच्या शिरोभागी जे लिहिले आहे तेवढाच साच्याचा व वापरणाऱ्याचा करार. साच्याचा अंतर्भाग त्या कराराच्या आधारे एकदाच तपासावयाचा, आणि वापरणाऱ्याने करार पाळला की आतला प्रकार-दोष म्हणून त्याला अडवावयाचे नाही. दोष साचा लिहिणाऱ्याचा की साचा वापरणाऱ्याचा, याचा निवाडा त्यामुळे होतो. दुसरा नियम असा की साच्याच्या आत हा स्थिरांक ‘स्थिर पदावली’ या संज्ञेस पात्र नाही. ज्या ठिकाणी भाषेला भाषांतरकाळी ठाम ठाऊक असलेली किंमतच हवी असते, उदाहरणार्थ नव्या पूर्णांक-प्रकाराची मर्यादा ठरविताना, तेथे ‘न’ लिहिता येत नाही. अ‍ॅरेच्या सीमेत मात्र लिहिता येतो, कारण एडात अ‍ॅरेच्या सीमा कार्यकाळी ठरू शकतात. एका शब्दात दोन अर्थ दडलेले होते, ते एडाने वेगळे केले : न बदलणारे, आणि आधी ठाऊक असलेले. प्रत्येक ठाऊक किंमत न बदलणारी असते. प्रत्येक न बदलणारी किंमत आधी ठाऊक असतेच असे नाही. हा भेद एडाने जितक्या स्वच्छपणे मांडला तितका पुढील कित्येक भाषांना साधला नाही. भाषेला मात्र लोकप्रियता मिळाली नाही, आणि अप्रिय भाषेतील चांगले विचार पुन्हा पुन्हा नव्याने शोधावे लागतात.

अर्थात एडाच्या मार्गातही एक फट होती. ‘न’ विषयी जे भाषांतरकाळी ठरले नाही त्याची तपासणी कार्यकाळावर जाई, आणि कार्यकाळची तपासणी काढून टाकता येते. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण सुरू झाल्यावर चाळीस सेकंदांच्या आत फसले. ६४ बिट्सच्या दशांश संख्येचे १६ बिट्सच्या पूर्णांकात रूपांतर करताना किंमत मर्यादेबाहेर गेली. आज्ञावली एडातीलच होती. अशा सात चलांपैकी चारांना संरक्षण दिलेले होते. उरलेल्या तिघांना गणकयंत्रावरचा भार कमी राखण्यासाठी दिलेले नव्हते.

एडापासूनच स्फूर्ती घेऊन १९८७ मध्ये व्हीएचडीएल ही विद्युत्‌मंडलांचे वर्णन करणारी भाषा मानक झाली, आणि तीत ‘जेनेरिक’ हा शब्द मुख्यतः स्थिरांकासाठीच रूढ झाला. ‘न’ तारांची बेरीज-मंडले एकदा लिहावयाची, आणि कोठे ८ तर कोठे ३२ घालून ती बसवावयाची. येथे तपासणीस एक तिसराच काळ लाभला : भाषांतरानंतरचा व कार्यापूर्वीचा, ज्या वेळी सर्व मंडले प्रत्यक्ष अंकांसह मांडली जातात. आठ तारांच्या मुखाला नऊ तारा जोडल्या असल्यास ते तेव्हा उघड होते. मंडल सिलिकॉनवर उतरण्यापूर्वी मांडणी पूर्ण होतेच, म्हणून त्या क्षेत्राला हा मार्ग मानवला.

सी++ भाषेने अंगीकारलेली पद्धती याच्याशी जवळची आहे. तिच्या साच्यांना, ज्यांचे सविस्तर वर्णन एलिस व स्ट्रौस्ट्रप यांच्या १९९० च्या ग्रंथात आले व १९९८ च्या मानकाने ज्यांस मान्यता दिली, पूर्णांक-प्राचल देता येते. परंतु साच्यातील जो भाग ‘न’ वर अवलंबून आहे त्याची खरी तपासणी ‘न’ च्या जागी प्रत्यक्ष अंक आल्यावरच होते. अंक आला की अव्यक्त नाहीसे होते व प्रश्न पास्कलइतका सोपा होतो. यातच या पद्धतीची शक्ती आहे आणि यातच तिची उणीव. शक्ती ही की ‘न + १’, ‘न × म’, किंवा याहून गुंतागुंतीची कोणतीही पदावली प्रकारात लिहिता येते. अंक घालून गणित करावयाचे तर अडचण कसली? उणीव ही की साचा लिहिणाऱ्याने केलेली चूक साचा वापरणाऱ्याच्या पदरात, कधी कधी कित्येक वर्षांनी, पडते. आठ, सोळा, बत्तीस यांकरिता बरोबर चाललेला साचा शून्याकरिता कोसळतो, आणि दोषसूचना अशा ओळीकडे बोट दाखविते की जी वापरणाऱ्याने कधी पाहिलेलीही नसते.

मग एडाप्रमाणे एकदाच, आणि तरीही भाषांतरकाळीच, सर्व ‘न’ करिता तपासणी का करू नये? याचे उत्तर कंपायलरच्या कौशल्यात नाही. ते अंकगणिताच्या स्वरूपात आहे. ‘न + १’ व ‘१ + न’ यांची समानता ठरविणे अवघड नाही. दोन्ही पदावल्या एका ठराविक क्रमात मांडाव्या, सजातीय पदे एकत्र करावी, आणि अक्षरशः ताडून पाहाव्या. शालेय बीजगणितातील ही रीत बेरीज-गुणाकारांच्या सर्व बहुपदींना लागू पडते. पण प्रकार-तपासणीत केवळ समानता पुरत नाही. ‘न’ पेक्षा लहान असलेला अनुक्रमांक पुढील अ‍ॅरेतही सुरक्षित आहे काय, असे असमतेचे प्रश्न येतात. प्रेसबर्गर यांनी १९२९ साली दाखविले की केवळ बेरीज व तुलना यांवर आधारलेले असे सर्व प्रश्न निश्चित रीतीने सुटतात. गुणाकार आला की चित्र पालटते. पूर्णांक-बहुपदींच्या समीकरणांना उत्तर आहे की नाही हे सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे मातियासेविच यांनी १९७० मध्ये सिद्ध केले. बेरजेपर्यंत निर्णय शक्य, अव्यक्तांच्या गुणाकारापासून पुढे अशक्य, अशी सीमारेषा गणितानेच आखलेली आहे, आणि कोणत्याही कंपायलरला ती ओलांडता येत नाही.

अनुमानाची अडचण आणखी निराळी. पाच घटकांचा अ‍ॅरे ‘न + १’ आकाराच्या प्राचलाला दिला तर ‘न’ म्हणजे ४ हे वजाबाकीने निघते. बारा घटकांचा अ‍ॅरे ‘न × म’ आकाराच्या प्राचलाला दिला तर? ३ व ४, २ व ६, १ व १२. यांतून कंपायलरने कोणती जोडी निवडावी? आणि ‘न − १’ आकाराचा अ‍ॅरे ‘न’ शून्य असताना अस्तित्वातच नसतो. म्हणजे काही पदावल्यांच्या बाबतीत प्रकार अर्थपूर्ण आहे की नाही हेच मुळी ‘न’ वर अवलंबून राहते.

होंगवेई शी व फ्रँक फेनिंग यांनी १९९८ साली, अ‍ॅरेच्या सीमांची कार्यकाळची तपासणी काढून टाकण्यासंबंधीच्या निबंधात, ही सीमारेषा मान्य करूनच रचना केली. प्रकारात अव्यक्त पूर्णांक येऊ द्यावे, पण त्यांवर केवळ एकघाती अंकगणित करू द्यावे; मग जे प्रश्न उद्भवतील ते निर्णयक्षम असतील, आणि जेथे सुरक्षा सिद्ध होईल तेथील कार्यकाळची तपासणी निर्धास्तपणे वगळता येईल. एरियानच्या प्रसंगी तपासणी वगळली गेली ती भार कमी करण्यासाठी. येथे ती वगळली जाते ती सिद्धतेच्या आधारावर.

याच प्रश्नाकडे मुंबईत दुसऱ्या बाजूने पाहिले जात होते. मढप्रमाणेच उपनगर जिल्ह्यात असलेल्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत डॉ. धनंजय धामधेरे यांनी अंशतः अनावश्यक गणनांच्या निराकरणावर दीर्घकाळ संशोधन केले. मोरेल व रेन्व्हॉइझ यांच्या १९७९ च्या रीतीचे त्यांनी केलेले व्यवहार्य रूपांतर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. एकच पदावली दोनदा मोजली जात असेल तर दुसरी गणना काढावी, आणि काही वाटांनीच ती आधी मोजली गेली असेल तर उरलेल्या वाटांवर योग्य जागी गणना घालून पुढची काढावी, असे या रीतीचे सार आहे. सीमेची तपासणी हीही एक गणनाच असल्यामुळे वारंवार होणाऱ्या तपासण्यांचा प्रश्नही याच जातीचा ठरतो. फरक एवढा की प्रकारांचा अभ्यासक तपासणी मुळातच नको अशी भाषा रचू पाहतो, तर प्रवाह-विश्लेषणाचा अभ्यासक दिलेल्या आज्ञावलीतील अनावश्यक तपासणी शोधून काढतो. पवईच्याच डॉ. उदय खेडकर व डॉ. अमिताभ सन्याल यांनी बागेश्री कारकरे (साठे) यांच्यासह २००९ साली या विश्लेषणावर सविस्तर ग्रंथ लिहिला. पुण्यातही या दोन्ही बाजूंचे लोक एकत्र येत. डिसेंबर १९८७ मध्ये तेथे भरलेल्या सॉफ्टवेअर-तंत्रज्ञान व सैद्धांतिक संगणकशास्त्रविषयक सातव्या परिषदेच्या कार्यवृत्ताचे संपादन नोरी यांनीच केले होते.

अलीकडील प्रकरण रस्ट भाषेचे. स्मृतीची सुरक्षा भाषांतरकाळीच राखावी हे या भाषेचे ब्रीद असल्यामुळे तीत अ‍ॅरेचा आकार पास्कलप्रमाणे प्रकाराचाच भाग आहे. आणि त्याबरोबर पास्कलचे जुने दुखणेही आले. अ‍ॅरेंची तुलना करणे, ते छापणे यांसारख्या साध्या सोयी प्रत्येक आकाराकरिता निराळ्या पुरवाव्या लागल्या. भाषेच्या प्रमाण-संग्रहात त्या शून्यापासून बत्तीस घटकांपर्यंत यांत्रिक रीतीने एकेक करून लिहिल्या होत्या. तेहतिसावा घटक आला की सोय संपली. १९७४ च्या कंपायलरातील आठ अक्षरांची मर्यादा व ही बत्तीसांची मर्यादा यांत चार दशकांचे अंतर आहे, पण जात एकच.

सामान्यीकृत स्थिरांकांचा प्रस्ताव रस्टमध्ये २०१७ साली मान्य झाला. ऑक्टोबर २०२० च्या १.४७ या आवृत्तीत प्रमाण-संग्रहातील बत्तीसांची अट अनेक सोयींपुरती उठली, आणि २५ मार्च २०२१ रोजीच्या १.५१ या आवृत्तीत सामान्य लेखकालाही ‘न’ लिहिण्याची मुभा मिळाली. मात्र ही मुभा जाणूनबुजून अरुंद ठेवण्यात आली. स्थिरांक-प्राचल पूर्णांक, सत्यासत्य किंवा अक्षर एवढ्याच प्रकारांचे असावे. प्रकारात एकटा ‘न’ लिहावा, किंवा ज्यात ‘न’ मुळीच नाही अशी व्यक्त पदावली लिहावी. ‘न + १’ लिहू नये. एकट्या ‘न’ ची समानता ठरविणे म्हणजे नावाशी नाव ताडणे होय. त्यास बीजगणित लागत नाही, आणि शून्याचा प्रश्नही उद्भवत नाही. जेथे कंपायलरला सर्व ‘न’ करिता खात्री देता येते तेवढाच प्रदेश या आवृत्तीने खुला केला. ‘न + १’ सारख्या पदावल्यांचा स्वतंत्र प्रयोग कंपायलरच्या प्रायोगिक आवृत्तीत चालविण्यात आला. त्यात अशी पदावली वापरणाऱ्या उपआज्ञावलीला ती पदावली अर्थपूर्ण असल्याची अट स्वतःच्या शिरोभागी लिहावी लागते, आणि पाचारण करणाऱ्याने ती पुरवावी लागते. एडाचा करार येथे नव्या वेषात परत आलेला दिसतो.

या अरुंदपणाला कंटाळून रस्टच्या लेखकांनी एक आडवाटही शोधली. प्रकारात ‘न’ तेवढा लिहावयाचा, आणि ‘न शून्याहून मोठा असलाच पाहिजे’ अशी अट एका स्थिरांकाच्या व्याख्येत घालून ठेवावयाची. ‘न’ च्या जागी अंक आल्यावर कंपायलर तो स्थिरांक मोजू लागतो, अट मोडली असल्यास मोजणी फसते व भाषांतर थांबते. आज्ञावली चालण्यापूर्वीच चूक सापडते हे खरे, पण सापडते ती अंक बसविल्यानंतर, म्हणजे सी++ च्या रीतीने. आणि दोषसूचना पुन्हा साचा वापरणाऱ्याच्याच पदरात पडते.